सत्ता नसताना आमदार काय करू शकतो? सांगोल्याच्या गणपतरावांच्या निमित्ताने

ताई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पंचायत समितीत एक मुदत काढल्यावर विधानसभेचा विचार करावा का, हा पहिला. दुसरा तुम्हाला जास्त छळतोय असं दिसतं: घरात पैसा नाही, पक्ष सत्तेत नाही, तालुका दुष्काळी, असा माणूस आमदार झाला तरी तालुक्याचं काही भलं करू शकतो का?

माझी सगळी नोकरी आमदारांच्या कार्यालयांत गेली. प्रश्न लिहिणं, लक्षवेधी सूचना तयार करणं, मंत्रालयात फाइल कुठे अडली ते शोधणं, समितीच्या दौऱ्याआधी कागद वाचून टिपणं काढणं, हे माझं काम होतं. सत्तेतले आमदार पाहिले, विरोधातलेही पाहिले. माझं उत्तर असं आहे: भलं करू शकतो. मात्र त्यासाठी सभागृह आणि त्याच्या समित्या हे आपलं कामाचं ठिकाण आहे, ही खूणगाठ पहिल्या दिवशी बांधावी लागते. ज्यांनी ती बांधली नाही, त्यांची पाच वर्षं लग्नं, उद्घाटनं आणि शिफारसपत्रं यांत निघून जातात.

दाखल्यासाठी मी एकच कारकीर्द घेतो. सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब. शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) ते १९६२ साली पहिल्यांदा विधानसभेत आले. तेव्हा सभागृह मुंबईच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. नरिमन पॉइंटच्या विधान भवनात विधिमंडळ गेलं ते १९८१ साली. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून ते अकरा वेळा निवडून आले. शेवटची निवडणूक २०१४ ची, वय ऐंशीच्या पुढे, आणि मताधिक्य सुमारे २५ हजारांचं. २०१९ ला वयामुळे थांबले आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात वारले. पन्नास वर्षांहून अधिक काळ आमदार, पण मंत्री फक्त दोनदा: १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. शेकापने २००२ साली त्या सरकारचा पाठिंबा काढला. १९७७-७८ मध्ये काही महिने ते विरोधी पक्षनेतेही होते. बाकी सगळा काळ एका छोट्या पक्षाचा आमदार म्हणून गेला. तुमच्या प्रश्नाला याहून नेमका दाखला मला माहीत नाही.

आता आमदाराचं रोजचं आयुष्य. सकाळी सहा-साडेसहालाच दारात माणसं येऊन बसतात. कुणाची डीपी (विजेचं रोहित्र) जळालेली असते आणि उभं पीक वाळतंय. कुणाचा माणूस पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयात आहे आणि गरिबांसाठी राखीव असलेल्या दहा टक्के खाटांपैकी एक हवी आहे. कुणाला पोलीस ठाण्यात फोन हवा असतो, कुणाच्या मुलीचा जातीचा दाखला अडलेला असतो, शिक्षकाची बदली असते, एसटीची बंद झालेली मुक्कामी गाडी असते. यातली बरीच कामं तलाठ्याने किंवा गटविकास अधिकाऱ्याने आमदाराच्या फोनशिवाय करायला हवीत, हे खरं आहे. तरी ती टाळू नका. डीपीचे तीस अर्ज एका महिन्यात आले, तर तो तीस शेतकऱ्यांचा त्रास असतोच, शिवाय उपकेंद्राची क्षमता संपल्याचा पुरावाही असतो. असे अर्ज वहीत विषयवार आणि गाववार लिहून ठेवणारा आमदार अधिवेशनात आकड्यांनिशी बोलतो. वही न ठेवणारा रोज फोन करत राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच अर्ज पुन्हा येतात.

दुपारनंतर गावभेटी, सुखदुःखाच्या गाठी, यात्रा-जत्रा. आठवड्यातले दोन-तीन दिवस मुंबई. मंत्रालयात मंत्र्यांनी तुमच्या पत्रावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला की कार्यकर्ते त्याचे फोटो गावात पाठवतात. त्या शेऱ्याने काहीही मंजूर झालेलं नसतं. पत्र खाली जातं, कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव. पैशांचा प्रश्न असला तर वित्त विभाग. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश एवढं झालं की मगच जेसीबी दिसतो. तेवढ्यावरही भागत नाही. काम अर्थसंकल्पात लागलंय, पण तरतूद नावापुरती आहे, अशी स्थिती नेहमीची. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाचं, पुस्तक हातात आलं की आपल्या कामासमोर किती रक्कम आहे, ते आधी पाहायचं. सगळी भाषणं त्यानंतर.

आमदार निधीबद्दल तुम्ही विचारलंय. सध्या तो वर्षाला ५ कोटी आहे. रक्कम मोठी वाटते, पण शंभराच्या आसपास गावं असलेल्या मतदारसंघात सभामंडप, पेव्हर ब्लॉक, रस्त्याचे तुकडे आणि स्मशानभूमीचं शेड यांत ती संपते. या निधीतून एकही उपसा सिंचन योजना होत नाही. दुष्काळी तालुक्याचा प्रश्न शेकडो, हजारो कोटींचा असतो आणि तो पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. म्हणून सांगतो, निधीच्या नारळांपेक्षा अर्थसंकल्पीय अधिवेशनात जास्त जीव गुंतवा.

आता प्रश्नांकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं आयुष्य यातच गेलं आणि नवे सदस्य सर्वांत जास्त इथेच कमी पडतात.

तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. त्याचा साचा ठरलेला असतो: अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय; असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय; असल्यास, काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. हा साचा सोपा वाटतो, पण उत्तर देणारा अधिकारी मुरलेला असतो. ‘तालुक्याला पाणी कधी मिळणार’ असा प्रश्न दिलात तर ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ असं एका ओळीत उत्तर येईल आणि विषय संपेल. पहिल्याच उपप्रश्नात एखादा तपशील चुकलात, गावाचं नाव किंवा वर्ष, तर ‘हे खरे नाही’ आणि पुढच्या सगळ्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तुमची दोन महिन्यांची मेहनत चार शब्दांत वाया जाते.

तोच प्रश्न असा लिहून पाहा. अमुक कालव्याच्या अमुक किलोमीटरपर्यंतचं काम पूर्ण होऊनही पुढचं काम रेल्वेमार्गाखालच्या ओलांडणीमुळे थांबले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, रेल्वेकडे भरायची रक्कम किती, ती कधी भरली. भरली नसल्यास, चालू वर्षाच्या तरतुदीतून ती का देता आली नाही. आता अधिकाऱ्याला रक्कम आणि तारीख लिहावीच लागते. अनेकदा गंमत अशी की उत्तर तयार करायच्या निमित्ताने धूळ खात पडलेली फाइल वर येते आणि प्रश्न सभागृहात पुकारला जाण्याआधीच रक्कम भरली जाते. प्रश्न पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर छापून येतं. तो कागद पुढच्या अधिवेशनासाठी जपून ठेवायचा.

तातडीचा विषय असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी. मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं आणि त्यावर तुम्हाला प्रश्न विचारता येतात. मोठ्या विषयावर नियम २९३ ची चर्चा. उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा. खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव. ही आयुधं सत्ताधारी आणि विरोधी दोघांनाही सारखीच मिळतात. पहिल्या वर्षी भाषणापेक्षा उपप्रश्नाचा सराव करा. मंत्र्याचं उत्तर नीट ऐकायचं, त्यातलं सुटलेलं टोक पकडायचं आणि एका वाक्यात विचारायचं. प्रश्नाऐवजी भाषण सुरू झालं की अध्यक्ष पुढचं नाव पुकारतात आणि मंत्री सुटतो.

मंत्री सभागृहात ‘महिनाभरात चौकशी करू’ किंवा ‘पुढच्या अर्थसंकल्पात तरतूद करू’ असं म्हणाला की ते आश्वासन होतं. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. पण समितीकडे ढीग असतो, म्हणून आपल्या आश्वासनाची तारीख आपणच सांभाळायची. सदस्यांना मी एकच सांगत आलो: तुम्हाला दिलेल्या प्रत्येक शब्दाची नोंद ठेवा, पुढच्या मंत्र्यालाही ती दाखवता येते.

समित्यांचं काम वर्तमानपत्रात फारसं येत नाही, म्हणून नवे आमदार तिकडे पाठ फिरवतात. मला तर आमदारकीतला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. लोकलेखा समिती महालेखापालांच्या अहवालावर थेट सचिवांची साक्ष घेते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत येणार म्हटलं की वर्षानुवर्षं न झालेल्या नोंदी आठवड्यात पूर्ण होतात, हे तुम्ही पंचायत समितीत पाहिलं असेलच. तिथे कॅमेरे नसतात, त्यामुळे पक्षाचा अभिनिवेश थोडा बाजूला राहतो आणि विरोधी बाकावरच्या अभ्यासू सदस्याचं म्हणणं सत्ताधारी सदस्यही उचलून धरतात.

आमदाराच्या डोक्यातल्या कल्पनेचा कायदा कसा होतो, हे पाहायचं असेल तर रोजगार हमीचा इतिहास वाचा. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या विचारातून तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये प्रयोग झाला. ७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. यातला माझ्या दृष्टीने मोठा भाग पैशांचा आहे. योजनेला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न टाळला गेला नाही. १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्याने शहरातल्या पगारदारांकडून पैसा उभा केला. पुढे देशाच्या कायद्याने ज्याची वाट धरली, ते काम आधी इथे झालं.

सांगोल्याशी त्याचं थेट नातं आहे. १९९० नंतर रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली आणि ज्या माळावर बाजरीही धड यायची नाही, तिथे डाळिंब आणि बोर उभं राहिलं. सांगोल्याचं डाळिंब पुढे परदेशात गेलं. तेल्या रोगाने आणि नंतर खोडकिडीने अनेक बागा संपल्या हेही खरं, पण त्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांची शिक्षणं डाळिंबावर झाली.

तरीही डाळिंबाला पाणी लागतंच. म्हणून पाण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पाच वर्षांत काय होतं आणि काय होत नाही, हे त्यातून कळतं.

कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाचा बच्छावत लवादाचा अंतिम निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आलं आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असं त्यात होतं. वाट्याचं पाणी अडवलं आणि वापरलं नाही तर हक्क धोक्यात येईल, ही भीती होती. दुसरीकडे आटपाडी, सांगोला, जत, मंगळवेढा हा पट्टा त्याच खोऱ्यात असून कोरडा. १९९३ पासून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला दुष्काळी १३ तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. गणपतराव त्या चळवळीच्या बिनीच्या नेत्यांपैकी होते. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभू योजना पुढे आली: कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. दुसरीकडून म्हैसाळ योजनेचं पाणी.

मग सुरू झाली खरी लढाई. निधी आटला की काम थांबायचं. किमती वाढल्या की सुधारित प्रशासकीय मान्यता हवी, ती वर्षानुवर्षं अडायची. सांगोला टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला; वरच्या तालुक्यांना पाणी मिळालं की खाली येईपर्यंत आवर्तन (पाणी सोडायची पाळी) संपायचं. पंप फिरवायला वीज लागते, बिल कुणी भरायचं, यावर पाणी अडायचं. शेवटी वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने उचलायचा, हे सूत्र ठरलं. या प्रत्येक वळणावर बाहेर मोर्चा आणि आत प्रश्न, दोन्ही लागले. रस्त्यावरची चळवळ नसती तर सभागृहातल्या प्रश्नाला वजन आलं नसतं, आणि सभागृहात कागद वाचणारा माणूस नसता तर मोर्चा निवेदन देऊन परत गेला असता. गणपतरावांकडे दोन्ही होतं. त्यांच्या हयातीत सांगोल्यात पाणी आलं, तरी तालुक्याचा प्रत्येक कोपरा भिजला नाही. त्यासाठी पुढच्या माणसाला अजून भांडावं लागतंय. म्हणून मी म्हणतो, ‘पाच वर्षांत पाणी आणतो’ असं भाषण करू नका. पाच वर्षांत तुम्ही कोणती मान्यता, कोणती तरतूद आणि कोणता किलोमीटर पुढे नेणार, ते सांगा. लोकांना ते कळतं.

दुसरी गोष्ट, तालुक्यात उभी केलेली संस्था. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी गणपतरावांच्या नावाशी जोडलेली आहे. राज्यात कितीतरी सहकारी गिरण्या कर्जात बुडाल्या, कारण संचालकांनी त्या घरच्यासारख्या वापरल्या. सांगोल्याची गिरणी चालली आणि दुष्काळी तालुक्यातल्या माणसांना तिने कायमचा रोजगार दिला. आमदाराच्या हाताखाली संस्था असली की तिचा हिशेब लोक रोज तपासत असतात. तो स्वच्छ असेल तर तेच तुमचं निवडणुकीचं भांडवल.

पैशांचं विचारलंत, तर आडपडदा न ठेवता सांगतो. अनामत दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच. विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा. प्रत्यक्षात अनेक मतदारसंघांत याच्या कितीतरी पट पैसा वाहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या स्पर्धेत तुम्ही उतरूच नका, उतरून जिंकताही येणार नाही. तुमच्यासारख्याची वाट जिल्हा परिषदेतून जाते. आर. आर. पाटील १९७९ साली सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेत गेले, तिथे अकरा वर्षं घासली आणि १९९० ला तासगावातून विधानसभेत आले. त्यांच्याकडेही पैसा नव्हता. जिल्हा परिषद त्यांना इतकी आतून माहीत होती की पुढे ग्रामविकास खातं मिळाल्यावर ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी गावच्या भाषेत उभं केलं. तुम्ही पंचायत समितीनंतर एकदम विधानसभेवर उडी मारण्याऐवजी गटातून जिल्हा परिषदेवर जा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्ष बदलण्याबद्दल. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, २००३ च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाटही बंद केली. तरी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे पाहिलं ते तुम्हीही पाहिलंय. ‘सत्तेत गेल्याशिवाय निधी मिळत नाही’ हे कारण प्रत्येक जण देतो. विरोधी आमदाराच्या मतदारसंघातली कामं रोखली जातात, हे खरंच आहे आणि ते चूक आहे, तिथल्या मतदारांवर तो अन्याय आहे. पण पन्नास वर्षांत पक्ष न बदललेल्या माणसाला सांगोल्याने अकरा वेळा निवडून दिलं, हेही तितकंच खरं आहे.

हरायची तयारी ठेवा. गणपतराव १९७२ ला हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला दोनशेहून कमी मतांनी हरले, १९९९ ला पुन्हा जिंकले. २०१९ ला त्यांचे नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले. २०२४ ला दुसरे नातू त्याच जागेवरून निवडून आले. पराभवानंतरचा पहिला आठवडा दारात कुणी येत नाही. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घेतलं की माणूस टिकतो. म्हणून अर्ज भरण्याआधी घरात बसून हे बोला. महिला सदस्यांना तर जास्तच सोसावं लागतं: रात्रीचे दौरे, मुंबई-नागपूरचे मुक्काम, लहान मुलं आणि वरून नावं ठेवणारी माणसं. ज्या टिकल्या, त्यांच्यामागे घरातलं एक तरी माणूस ठाम उभं होतं.

आता लगेच करायचं काम. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या अधिवेशनांची कार्यवाही आणि प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत. तुमच्या तालुक्याचं नाव घालून गेल्या दहा वर्षांची उत्तरं काढा. कोणत्या योजनेबद्दल मंत्र्यांनी कोणत्या तारखेला काय कबूल केलं, त्याचा एक तक्ता करा आणि त्यासमोर आजची स्थिती लिहा. कालव्यावर स्वतः जाऊन पाहा, शाखा अभियंत्याला भेटा. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. ओळखीच्या सदस्याकडून प्रेक्षक गॅलरीचा पास घ्या आणि दोन दिवस प्रश्नोत्तराचा तास पूर्ण ऐका. तक्ता तयार झाला की तुमच्या सध्याच्या आमदारांकडेच घेऊन जा, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, आणि त्यातला एक प्रश्न त्यांना तारांकित म्हणून द्यायला सांगा. मसुदा हवा असेल तर माझ्याकडे पाठवा, मी दुरुस्त करून देईन.